‘तिथलं क्राउड कसं आहे?’

इथे अमेरिकेत, न्यू जर्सीत, रविवारी मुलं मराठी शाळेत बाराखडी गिरवत असतात आणि आम्ही पालक बाहेर कॉरिडॉरमध्ये थर्मासमधला चहा पीत उभे असतो. गेल्या रविवारी एका मैत्रिणीने पुन्हा विचारलं, “अगं, तुम्ही अजून जर्सी सिटीतच? ईशान आता पहिलीत जाईल ना? एडिसनला बघा, नाहीतर प्लेन्सबरोला. शाळांचं डिस्ट्रिक्ट चांगलं आहे.” त्याची शाळा छान चाललीय, असं मी म्हटलं, तर आवाज खाली आणून ती म्हणाली, “शाळा असेल गं ठीक, पण तिथलं क्राउड?”

दिवसभर तो शब्द डोक्यातून जाईना. माझी शाळा सोलापूर महापालिकेची. वडील गिरणीत होते. आमच्या रस्त्यावरच्या डॉक्टरांची, वकिलांची मुलं रिक्षात बसून लांबच्या इंग्रजी शाळेत जायची आणि त्यांच्या आया आमच्याबद्दल म्हणायच्या, “वस्तीतली पोरं.” त्यात जात होती, पण तिचं नाव कुणी घेत नसे. इथे ‘क्राउड’ म्हणतात आणि काळी, लॅटिनो मुलं असं कुणी म्हणत नाही. ऐकणाऱ्याला मात्र बरोबर कळतं.

ईशान तीन वर्षांचा झाला तेव्हा खासगी डे-केअरवाले महिन्याला सोळाशे डॉलर मागत होते. मग कुणीतरी सांगितलं, जर्सी सिटीत वयाच्या तीन वर्षांपासून सरकारी प्री-के, म्हणजे बालवाडी, फुकट आहे. गेलो, नाव घातलं. वर्गात पंधराच मुलं, एक प्रशिक्षित शिक्षिका आणि एक मदतनीस. पहिल्या आठवड्यात तो रडायचा, तर बाई जमिनीवर बसून त्याला मांडीवर घ्यायच्या आणि त्याच्या हातात रंगीत ठोकळे द्यायच्या. दोन वर्षं आमचा एक पैसा खर्च झाला नाही. आमच्या ओळखीतल्या कितीतरी मराठी घरांनी ही सोय घेतली आहे.

ती आली कुठून, हे मी पुष्कळ उशिरा वाचलं. इथल्या शाळांचा पैसा बराचसा स्थानिक मालमत्ता करातून येतो, त्यामुळे श्रीमंत गावाची शाळा श्रीमंत आणि गरीब शहराची गरीब. १९८१ साली एज्युकेशन लॉ सेंटर या मुलांच्या शिक्षणहक्कासाठी लढणाऱ्या संस्थेने कॅम्डेन, ईस्ट ऑरेंज, आयर्व्हिंग्टन आणि जर्सी सिटीतल्या २० मुलांच्या वतीने राज्यावर दावा लावला. त्या खटल्याचं नाव ॲबट विरुद्ध बर्क. न्यू जर्सीचं सर्वोच्च न्यायालय १९९० मध्ये म्हणालं, गरीब शहरांतल्या मुलांवर श्रीमंत उपनगरांइतका खर्च व्हायलाच हवा. तीन आणि चार वर्षांच्या मुलांसाठी प्री-केचा आदेश निघाला १९९८ मध्ये. तोवर दावा लावणारी मुलं मोठी होऊन गेली होती. माझ्या मुलाला मांडीवर घेणाऱ्या बाई त्या मुलांच्या भांडणातून आल्या. ‘क्राउड’ म्हणतो ना आपण, त्यातलीच ती मुलं.

आणि आपण काय करतो? प्री-के पदरात पडलं की घर शोधायला लागतो. घरांच्या साइटवर किमतीशेजारी शाळेचा दहापैकी आकडा असतो, तो बघून ऑफर देतो. ‘स्कूल चॉइस’, म्हणजे शाळा निवडायची मुभा, म्हटलं की चार्टर (सरकारी पैशावर पण स्वतंत्रपणे चालणाऱ्या शाळा) आणि व्हाउचर (खासगी शाळेच्या फीसाठी सरकारी पैसा) यांवर वाद होतात, पण सगळ्यात मोठी निवड घर घेतानाच होऊन जाते. राज्यात पाचशेहून जास्त स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे शाळांचे वेगवेगळे स्थानिक विभाग, आहेत; पत्ता बदलला की शाळा बदलते. शाळेत वंशावरून मुलं वेगळी ठेवायची नाहीत, हे राज्याच्या १९४७ च्या संविधानात लिहिलेलं आहे. तरी २०१८ मध्ये राज्यावर त्याच कारणाने पुन्हा दावा लावावा लागला.

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक काळ्या आजी राहतात. त्यांची नात ईशानच्या वर्गात आहे. त्यांनीही निवड करून बघितली. चार्टर शाळेच्या लॉटरीत नाव घातलं, तर प्रतीक्षायादीत नंबर आला. तो छापील कागद त्यांनी फ्रिजवर चुंबकाने लावून ठेवला आहे, कडा पिवळ्या पडल्यात. नंबर लागला असता, तरी त्यांच्याकडे गाडी नाही. सकाळी दोन बस बदलून नातीला सोडायचं आणि सातला कामावर पोचायचं, हे त्यांना जमलं असतं असं मला वाटत नाही.

या वर्षी वर्गातली चार मुलं गेली, त्यातली दोन भारतीय. आईवडील शिकलेले, वेळ असलेले, मुख्याध्यापकांना पत्र लिहू शकणारे लोक निघून गेले की शाळा किती एकटी पडते, ते पालकसभेतल्या रिकाम्या खुर्च्या बघून कळतं.

मे महिन्यात लिफ्टपाशी आजींनी मला विचारलं, “तुम्ही पण जाणार का?” माझ्याकडे न बघता, पिशवी सारखी करत विचारलं. मी नाही म्हटलं. नवऱ्याला अजून पूर्ण पटलेलं नाही. सहावीचं काय, ही काळजी त्याला आहे, आणि ती मलाही आहे. पण दर गुरुवारी मला उशीर होतो तेव्हा आजी दोघांना घेऊन येतात, आणि मंगळवारी त्यांची कामाची पाळी असते तेव्हा मी आणते. परवा दोघं जिन्यात बसून एकाच डब्यातला चिवडा खात होते. तिला शेंगदाणे आवडत नाहीत, ते ईशानच्या वाट्याला.