मोठा कांदा का हरतो: इंग्लंडमधल्या भाजीस्पर्धांचे नियम

सोलापूरच्या बाजार समितीत कांद्याची प्रतवारी करणाऱ्या माणसाला इंग्लंडच्या एखाद्या गावातल्या भाजीस्पर्धेत परीक्षक म्हणून उभं केलं, तर त्याला अर्धं काम आधीच येत असेल. मान जाड आहे का, तळ मऊ पडलाय का, जोडकांदा आहे का, हे त्याची बोटं बघता बघता सांगतील. उरलेलं अर्धं काम मात्र नियमपत्रकाचं आहे. सोलापूरकडच्या मंडळींनी समजून घ्यावं असं खरं तेच आहे.

ऑगस्ट-सप्टेंबरात इंग्लंडमध्ये गावोगावच्या हॉलमध्ये या स्पर्धा भरतात. भाग घेणारे बहुतेक हौशी असतात. घरामागची बाग किंवा भाड्याने घेतलेला तुकडा, म्हणजे ‘अलॉटमेंट’, एवढीच त्यांची शेती. पूर्ण तुकडा परंपरेने २५० चौरस मीटरचा, म्हणजे आपले अडीच गुंठे. बक्षिसाची रक्कम किरकोळ असते, पण चुरस अशी की नियम काटेकोर नसते तर गावात दोन तट पडले असते.

बऱ्याच ठिकाणी रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी या ब्रिटनमधल्या बागकाम संस्थेची नियमावली प्रमाण मानतात. पीक काढायला जितकं अवघड, तितके त्याचे कमाल गुण जास्त. २५० ग्रॅमच्या वरचा कांदा, लीक (जाड दांड्याच्या कांदापातीसारखी भाजी), लांब गाजर, मटार आणि बटाटा यांना २०. मध्यम टोमॅटोला १८, साध्या लहान मुळ्याला १०. हे आकडे खरे उपयोगी पडतात ते एकाच तबकात वेगवेगळ्या भाज्या मांडायच्या असतात तेव्हा. निर्दोष मुळा मांडला तरी त्याला दहाच मिळणार, म्हणून मुरलेला माणूस तिथे मुळा ठेवतच नाही.

गुणांच्या आधी मोजणी येते. पत्रकात ‘मटारच्या ९ शेंगा’ असं लिहिलं असेल आणि ताटलीत १० असतील, तर ताटली बाद. परीक्षक कार्डावर तीन अक्षरं लिहितो, ‘एन.ए.एस.’, म्हणजे पत्रकाप्रमाणे नाही, आणि पुढे सरकतो. हॉलमधला सगळ्यात उत्तम माल असला तरी सूट नाही. हे कठोर वाटतं, पण मला ते पूर्णपणे योग्य वाटतं. दहातून एक काढून बाकीच्यांना गुण द्यायचे, तर कोणती काढायची हे परीक्षक ठरवणार, आणि तिथेच पक्षपाताला वाट मिळते. मापांचंही तसंच. लोणच्याचे शॅलट, म्हणजे छोट्या जातीचे कांदे, ३० मिमीपेक्षा मोठे चालत नाहीत, छोटे टोमॅटो ३५ मिमीपेक्षा. परीक्षकाकडे त्या मापाची कडी असते. फळ तिच्यातून सहज गेलं पाहिजे, दाबून घालायचं नाही.

आता कांदा. पत्रकात ५ कांदे मागितले असतील तर पाचही एकाच आकाराचे, एकाच घडणीचे, एकाच रंगाचे हवेत. चार मध्यम कांद्यांशेजारी एक भला मोठा ठेवला, तर त्या एकाने बाकी चार हरवले म्हणून समजा. तयारी अशी: कांदा चांगला वाळवायचा, सुटे पापुद्रे काढायचे, मुळं तळाच्या चकतीपर्यंत साफ कापायची, वाळलेली मान वळवून राफियाच्या (ताडवर्गीय झाडाच्या धाग्याच्या) किंवा साध्या दोऱ्याने घट्ट बांधायची. सर्वांत जास्त चुका पापुद्र्यात होतात. चकाकी यावी म्हणून एक पदर जास्त सोलला, की आतला हिरवट-पांढरा भाग उघडा पडतो आणि गुण जातात. परीक्षक अंगठ्याने मान आणि तळ दाबून बघतो. मान दबली तर तो कांदा टिकणारा नाही. नुसत्या वजनावर निकाल लागतो तो वेगळ्या, महाकाय भाज्यांच्या गटात. दोन्ही गट एकत्र करायचे नाहीत.

मटारच्या शेंगेवर पांढुरका नैसर्गिक थर असतो. तो बोटाने पुसला गेला की परत येत नाही, म्हणून शेंग देठ धरूनच तोडायची आणि देठ धरूनच मांडायची. आत दाणे भरलेत का, हे शेंग उजेडासमोर धरून कळतं. घेवड्याची एखादी शेंग परीक्षक मोडून बघतो. कटकन मोडली तर ताजी. टोमॅटोची हिरवी टोपी जागेवर हवी. तेल लावून चमक आणणं हा दोषच.

निःपक्षपातीपणाची व्यवस्था साधी आहे. कार्डाच्या एका बाजूला गटाचा क्रमांक, दुसऱ्या बाजूला नाव. नावाची बाजू पालथी. ठरलेल्या वेळी हॉल रिकामा करतात, आत फक्त परीक्षक आणि नोंदी करणारा स्ट्युअर्ड. परीक्षक ज्या गटाचा निकाल देतो, त्यात त्याची स्वतःची ताटली नसते. माल लायक नसेल तर पहिलं बक्षीस रोखून धरण्याचा अधिकारही त्याला असतो. अनेक परीक्षक १९६० साली स्थापन झालेल्या नॅशनल व्हेजिटेबल सोसायटीची परीक्षा देऊन आलेले असतात. ईशान्य इंग्लंडमध्ये ‘पॉट लीक’ची जुनी परंपरा आहे. तिथे पांढऱ्या दांड्याची लांबी, पान फुटतं तिथपर्यंत, ६ इंचांच्या आत हवी. मग घेर मोजून तक्त्यावरून घनफळ काढतात. तिथे डोळ्यापेक्षा टेपच्या मापाला महत्त्व.

सोलापुरात गच्चीवर, परसात भाजी करणारे हौशी लोक आता बरेच आहेत. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या सुमारास, जानेवारीच्या थंडीत, अशी छोटी स्पर्धा एखाद्या सोसायटीला सहज भरवता येईल. पत्रकात मात्र आधीच स्पष्ट लिहावं. ५ वांगी, एकाच वाणाची, काटेरी देठासह. ५ कांदे, प्रत्येकी २५० ग्रॅमपर्यंत. गवारीच्या १२ शेंगा. गच्चीवाले आणि शेतवाले यांचे गट वेगळे. नर्सरीतून आणलेलं रोप चालेल की नाही, हेही लिहायलाच हवं. आपल्याकडे वांगी-टोमॅटोची रोपं विकत घेणं नेहमीचं आहे आणि निकालानंतर भांडण नेमकं यावरूनच होईल. मंडईतून आणलेला माल ओळखायचा तर समितीने आठ-दहा दिवस आधी प्रत्येकाच्या कुंड्या एकदा बघून याव्यात. वजनकाटा एकच, तोही सर्वांसमोर ठेवलेला. कडीसाठी प्लायवूडमध्ये अचूक भोक पाडलं तरी पुरे.

तक्रार लेखी, त्याच दिवशी ठरलेल्या वेळेच्या आत आणि थोडी अनामत भरून. तक्रार खरी ठरली तर पैसे परत, उगाच केलेली असेल तर जप्त. तक्रार नियमभंगाचीच घ्यावी, परीक्षकाच्या पसंतीची नाही. आणि ती वेळ टळेपर्यंत कुणीही आपली ताटली उचलायची नाही, कारण वाद आला तर पुन्हा मोजायला माल जागेवर असावा लागतो.