सिंधुदुर्गाचे झेंडे आणि चार जीबीचा लॅपटॉप

पावसाळ्यात मालवणच्या जेट्टीवरून किल्ल्याला जाणारी होडी बंद असते. ज्यांचं पोट होडीवर, त्यांच्या घरात ते महिने पैसा मोजूनमापून खर्च होतो. माझ्या लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात मात्र तेव्हाच गर्दी, कारण नवीन घेणं परवडत नाही म्हणून जो तो जुनंच दुरुस्त करून घेतो. असाच एक होडीवाला भर जुलैत आपल्या नववीतल्या मुलीला घेऊन आला. लॅपटॉप प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळलेला. "नवो घेवक जमाचा नाय, ह्येच्यातच काय ता बघा," एवढं बोलून तो बाकड्यावर टेकला.

पुढचं मुलीने सांगितलं. ती माइनक्राफ्ट या ठोकळे रचून जग बांधायच्या संगणकावरच्या खेळात सिंधुदुर्ग बांधत होती. नुसता 'किल्ल्यासारखा किल्ला' नव्हे, खरा, मापाचा. तट सुमारे तीन किलोमीटर, तीस फूट उंच, बारा फूट रुंद. खेळात एक ठोकळा म्हणजे एक मीटर, तेव्हा एकट्या तटालाच लाखभर ठोकळे लागतात. बाहेरून दिसू नये असा वळणात लपवलेला महादरवाजा, शिवराजेश्वराचं देऊळ, दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरी, सगळं जागच्या जागी. किल्ला जसा वाढत गेला तसा लॅपटॉप रांगू लागला होता. "काका, आता दरवाजातून आत शिरलं की चित्रच थांबतं," ती म्हणाली. तिचा आवाज रडवेला होता.

ठोकळ्यांचा खेळ म्हणून लोक याला हलका समजतात, पण त्याची जावा भाषेत लिहिलेली, संगणकावरची 'जावा आवृत्ती' चांगलीच जड आहे. जग १६ बाय १६ ठोकळ्यांच्या तुकड्यांत, म्हणजे चंकमध्ये, विभागलेलं असतं. दृश्याचं अंतर, म्हणजे किती लांबपर्यंत दिसावं ते, १२ चंक ठेवलं तर तुमच्याभोवती २५ गुणिले २५, म्हणजे ६२५ चंक सांभाळावे लागतात. २०२१ च्या नोव्हेंबरात आलेल्या १.१८ या आवृत्तीपासून जगाची उंची २५६ ठोकळ्यांवरून ३८४ झाली, म्हणजे प्रत्येक चंक दीडपट. आणि समोर काय? आय३-६००६यू प्रोसेसर, दोन कोअर, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, चार जीबी रॅम, जुनी हार्ड डिस्क.

सगळ्यात आधी मी खेळाच्या फोल्डरमधलं 'सेव्ह्ज' पेन ड्राइव्हवर उतरवून घेतलं. इतकी मेहनत ज्या फोल्डरमध्ये आहे, त्याची प्रत नसताना मशीनला हात लावायचा नाही, हा माझा नियम. मग पंखा साफ केला. समुद्राकाठच्या लॅपटॉपला ते लागतंच. जाहिरातींनी भरलेल्या कुठल्याशा साइटवरून उतरवलेला, खेळाचा वेग वाढवतो म्हणणारा एक 'एफपीएस बूस्टर' होता, तो काढून टाकला. वेग वाढवणं दूरच, तो मागे बसून जाहिरातीच ओढत होता. मॉड, म्हणजे खेळाला जोडायचे छोटे प्रोग्रॅम, घ्यायचे तर मॉडरिंथ किंवा कर्सफोर्ज या साइटवरूनच, हे मी तिला वहीत लिहून घ्यायला लावलं.

खरी गोची लाँचरच्या, म्हणजे खेळ सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमच्या, सेटिंगमध्ये सापडली. कुणाचा तरी व्हिडिओ बघून तिने जावाला तीन जीबी रॅम देऊन ठेवली होती. चारातले तीन खेळाने अडवले, तर विंडोज आणि ग्राफिक्स मिळून उरलेल्या एकात काय भागणार? सगळा भार हार्ड डिस्कवर पडत होता, तिचा दिवा विझतच नव्हता. मी आकडा दीड जीबीवर आणला, मॉड चालवणारा फॅब्रिक लोडर बसवला आणि त्यात फेराइटकोअर हा मॉड टाकला, जो खेळाची मेमरीची भूक कमी करतो. दृश्याचं अंतर १२ वरून ८ केलं. ६२५ चंकांचे २८९ झाले. डिस्कचा दिवा शांत झाला.

त्यानंतर सोडियम. हा मॉड जेलीस्क्विड या टोपणनावाने काम करणाऱ्या प्रोग्रॅमरने २०२० मध्ये आणला. फुकट आहे, त्याचा कोड कुणालाही वाचता येतो, आणि या लोकांबद्दल मला मनापासून आदर आहे. मूळ खेळ दिसणाऱ्या प्रत्येक छोट्या तुकड्यासाठी ग्राफिक्सला वेगळा हुकूम सोडतो. सोडियम पुष्कळ तुकडे एकत्र बांधून एका हुकमात पाठवतो. बाकड्यावरून बाप लक्ष देऊन ऐकत होता. त्याला म्हटलं, एकेका पर्यटकासाठी फेरी मारण्यापेक्षा होडी भरूनच सोडायची, तसं. तो लगेच म्हणाला, "मगे पयल्यापासून तशी कित्याक नाय सोडणत?" इतका नेमका प्रश्न मला दुकानात क्वचितच कुणी विचारला असेल.

समुद्राकडे तोंड केलं की आता सेकंदाला पन्नासच्या वर फ्रेम्स, म्हणजे चित्रं, मिळत होती. मुलगी खुर्चीतून उठून उभीच राहिली. पण तटाकडे वळलो, आणि आकडा धाडकन पंधरावर. हे मला पटेना. सोडियम असताना दगडी भिंत इतकी महाग पडत नाही. बाहेर पाऊस कोसळत होता, तशीही दुसरी गिऱ्हाइकं येणार नव्हती, बसलो शोधत.

शिफ्ट धरून एफ३ दाबलं की खेळाच्या १.२० आवृत्तीत एक गोल आलेख येतो, कुठल्या कामाला किती वेळ जातो ते दाखवणारा. आकड्याची कळ दाबत आत उतरत गेलं की घोडं नेमकं कुठे पेंड खातंय ते कळतं. तिथे दोनच नावं बाकी सगळ्यांना खाऊन बसली होती: एंटिटीज आणि ब्लॉक एंटिटीज, म्हणजे साध्या ठोकळ्यांपेक्षा वेगळ्या काढाव्या लागणाऱ्या वस्तू. मी तिला विचारलं, "तटावर काय काय ठेवलंयस गं?"

तिने कॅमेरा वर नेला. प्रत्येक चर्येवर भगवा झेंडा. दोन झेंड्यांच्या मध्ये चिलखताच्या स्टँडचा एकेक मावळा. शेकडो. साधा ठोकळा चंकच्या तयार साच्यात एकदाच बसतो. झेंडा आणि स्टँड मात्र दर फ्रेमला सुटे सुटे काढावे लागतात. जीव जात होता तो त्यांच्यात.

एंटिटीकलिंग नावाचा मॉड घातला. भिंतीआड जे दिसतच नाही ते तो काढू देत नाही. किल्ल्याच्या आत फरक पडला, पण बाहेरून सगळा तट उघडा दिसतो, तिथे त्याचा इलाज चालेना. म्हटलं, झेंडे कमी कर. "झेंडे काढायचे नाहीत," ती ठामपणे म्हणाली. मला तिचं पटलं. बिनझेंड्याचा सिंधुदुर्ग मलाही नको होता.

शेवटी वाट तिनेच काढली. कुंपणाच्या दोन खांबांवर केशरी लोकरीचा ठोकळा. लांबून हुबेहूब झेंडा, आणि हे सगळे साधे ठोकळे. महादरवाजावर आणि दर्याकडच्या बुरुजांवर खरे झेंडे ठेवले, बाकी तटावर लोकरीचे. मावळे फक्त दरवाजाशी आणि देवळापाशी. दुकानात बसूनच तिने एक अख्खी बाजू बदलली. बाहेरून त्या बाजूकडे पाहिलं तर चाळीसच्या आसपास फ्रेम्स, पडद्याच्या १३६६ बाय ७६८ या मापावर, त्याच मशीनवर.

बापाने स्क्रीनजवळ येऊन किल्ल्याला बाहेरून वळसा घालायला लावला. एका बुरुजाशी थांबला, खडक अजून पुढे येतो म्हणाला. होडी तिथून लांबून काढावी लागते. मुलीने लगेच वहीत टिपलं.

मी पंखा साफ केल्याचेच पैसे घेतले. सीझन सुरू झाला की आधी रॅम आठ जीबी करा आणि एसएसडी टाका, हे त्याला बजावून सांगितलं. आख्खा किल्ला एका नजरेत दिसावा अशी तिची इच्छा आहे. त्यासाठी डिस्टंट होरायझन्स नावाचा मॉड आहे, दूरचा भाग ढोबळ करून दाखवणारा. पण तो रॅम वाढल्याशिवाय बसवायचा नाही, हे तिने कबूल केलंय.