खोलीत बोरघाट बसवताना: मापांचा हिशेब

कर्जतहून लोणावळ्याकडे चढणारा बोरघाटाचा रेल्वेमार्ग मॉडेल रेल्वेच्या एचओ स्केलमध्ये, म्हणजे खऱ्याच्या १:८७ या प्रमाणात घरात उभा करायचे ठरवले, तेव्हा माझ्याकडे १० बाय १२ फुटांची एक रिकामी खोली होती आणि सुतार ८ बाय ४ ची प्लायवूडची अख्खी शीट टेबलावर बसवून द्यायला तयार होता. मी त्याला थांबायला सांगितले. गाडी किती लांब आहे आणि ती किती वळू शकते हे कळल्याशिवाय टेबलाचे माप ठरवू नये, असे माझे ठाम मत आहे.

आयसीएफचा (चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या नमुन्याचा) डबा बफरसकट सुमारे २२.३ मीटर लांब असतो, म्हणजे प्रतिकृतीत २५६ मिलिमीटर. चोवीस डब्यांची पूर्ण गाडी करायची तर सहा मीटरहून जास्त जागा लागते, तेव्हा चार डब्यांवर समाधान मानले. वळणाचा हिशेब त्याहून कठोर निघाला. आपल्या ब्रॉडगेजवर जास्तीत जास्त दहा अंशांचे वळण चालते, त्याची त्रिज्या १७५ मीटर. तिला ८७ ने भागले की दोन मीटर येतात आणि त्याचे पूर्ण वर्तुळ माझ्या खोलीत मावतच नाही. एका मार्गाच्या दोन रुळांमधले अंतर, म्हणजे गेज, हेही एचओत १६.५ मिलिमीटर, जे खरे तर १४३५ मिलिमीटरच्या गेजचे आहे. आपल्या ब्रॉडगेजच्या १६७६ ला १९.३ हवे. ही तडजोड मी मुकाट्याने स्वीकारली, कारण एरवी प्रत्येक इंजिनाची चाके बदलावी लागली असती.

मग ८ बाय ४ ची शीट कागदावर तपासली. कडेला दोन इंच सोडले की बाहेरच्या रुळाला २२ इंचांची, म्हणजे ५५९ मिलिमीटरची त्रिज्या मिळते आणि दोन इंच आत दुसरा रूळ येतो. डबा वळणावर असताना त्याचा मधला भाग आतल्या बाजूला सरकतो आणि टोके बाहेर येतात. आयसीएफच्या डब्याच्या दोन बोगींच्या (डब्याखालच्या चाकांच्या सांगाड्यांच्या) केंद्रांमधले अंतर प्रतिकृतीत १७० मिलिमीटर धरले, तर बाहेरच्या रुळावरील डब्याचा मध्य साडेसहा मिलिमीटर आत येतो आणि आतल्या रुळावरील डब्याची टोके साडेसात मिलिमीटरपेक्षा थोडी जास्त बाहेर जातात. त्यात दोन्ही डब्यांची निम्मी-निम्मी रुंदी मिळवली की बेरीज ५१ मिलिमीटरच्या पुढे जाते आणि बाहेरच्या आणि आतल्या मार्गांमध्ये अंतर आहे ५०.८. थोडक्यात, दोन गाड्या समोरासमोर आल्या की एकमेकींना घासणार!

चढाने शीटचा विषयच संपवला. बोरघाटाचा चढ ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेले की १ मीटर वर. माथ्याखालून गाड्या उभ्या करण्याचा एक लपवलेला रूळ न्यायचा, तर मोकळी उंची आणि प्लायची जाडी धरून ९० मिलिमीटर चढावे लागते; त्याला ३.३३ मीटर रूळ लागतो आणि उतरायला पुन्हा तेवढाच. शीटवरची संपूर्ण फेरी जेमतेम ५.९५ मीटरची होती.

म्हणून टेबल सोडून चारही भिंतींलगत ६० सेंटिमीटर रुंदीची फळी फिरवण्याचा निर्णय घेतला. मधे उभे राहिले की हात सगळीकडे पोचतो, जे भिंतीला टेकवलेल्या चार फुटी टेबलावर मुळीच शक्य नसते. भिंतीपासून १२ सेंटिमीटरवर एकच रूळ आणि कोपऱ्यांत ९०० मिलिमीटरची त्रिज्या धरली, तर फेरी १०.९ मीटरची होते. डब्याच्या लांबीच्या तिप्पट त्रिज्या असली तर गाडी वळणावर बरी दिसते, हा मॉडेलवाल्यांचा अंदाज इथे साधतो.

कोपऱ्यांची वळणे मी जमिनीवर ब्राउनपेपर चिकटवून पूर्ण आकारात काढली. दोरी ताणली की थोडी लांबते, म्हणून लाकडी पट्टीला एका टोकाला खिळ्याचे आणि ९०० मिलिमीटरवर पेन्सिलीचे भोक पाडले.

चढ-उतार वजा जाता सव्वाचार मीटर सपाट रूळ उरतो. त्यातल्या लांब भिंतीवरच्या १.६२ मीटरच्या सरळ भागात कर्जत स्थानक बसवले आहे, कारण पुढचे इंजिन, चार डबे आणि घाटासाठी मागून ढकलायला लागणारे इंजिन, म्हणजे बँकर, मिळून गाडी साधारण दीड मीटरची होते. दारासमोरचा तुकडा बिजागरीवर उचलायचा असल्याने तोही सपाट भागातच ठेवला आहे. सुताराला आता १२ मिलिमीटरच्या प्लायच्या दोन फुटी पट्ट्या कापायला सांगितल्या आहेत.