एका युनिटात 2450 कळश्या

मे महिन्यात विहिरीवरची मोटर जळली. आमच्या गुहागरकडे यात नवीन काही नाही, उन्हाळ्यात व्होल्टेज 170 वर येतं आणि वाडी तर शिंपायलाच लागते. वाइंडिंग करून मोटर परत आली तेव्हा काका तिची प्लेट फडक्याने पुसत म्हणाले, "अरे, इथे 1 एचपी लिहिलंय, बाजूला 0.75 किलोवॅट. मग ही नक्की घोड्याची की लाइटची?"

दोन्ही एकच हो काका. 1 एचपी, म्हणजे एक हॉर्सपॉवर (घोड्याची ताकद), म्हणजे 746 वॅट, प्लेटवर गोल करून 0.75 छापतात (मेट्रिक हॉर्सपॉवर म्हणून अजून एक आहे, ती 735.5 वॅट, पण ते जाऊ दे). घोडा जेम्स वॅटने आणला, वाफेचं इंजिन विकायला. आमच्याकडे रहाटाला रेडा जुंपायचे, त्यामुळे काकांच्या मते हे माप कोकणात चालायचंच नाही :)

मोटर नव्हती ते चार दिवस पाणी मी दोराने ओढलं आणि ओढता ओढता हिशोब केला. कळशी 15 लिटरची, म्हणजे पाण्याचं वजन 147 न्यूटन, विहीर 10 मीटर, गुणाकार 1470 जूल (जूल म्हणजे कामाचं, ऊर्जेचं माप). आता गंमत अशी की वायरमनचा व्होल्ट गुणिले अँपिअर गुणिले सेकंद हाही जूलच, वेगळा लाइटचा जूल असं काही नसतं. बिलातलं एक युनिट 36 लाख जूल, त्यात अशा 2450 कळश्या बसतात!! मी चार दिवसांत 240 ओढल्या. म्हणजे युनिटचा दहावा हिस्सा आणि दोन्ही हातांना फोड. एका कळशीला अर्धा मिनिट धरलं तर माझी पॉवर, म्हणजे सेकंदाला जूल, 49 वॅट, जुना साठचा बल्बसुद्धा पुरता पेटणार नाही.

काका मात्र प्लेटवरच अडकलेले. 230 व्होल्ट, 6.5 अँपिअर, मोबाइलवर गुणाकार करून म्हणतात 1495 आले, मग 750 च का, बाकीचे कोणी खाल्ले? तर 750 हे शाफ्टवर मिळणारे वॅट, काही वॅट तांब्यात आणि लोखंडात गरम होऊन जातात, आणि 1495 हे मुळात व्होल्ट-अँपिअर, वॅट नव्हेत, कारण मोटरीत करंट व्होल्टेजच्या मागे रेंगाळतो, त्यामुळे तो सगळा गुणाकार कामी येत नाही. घरचं बिल वॅटचंच येतं म्हटल्यावर काका जरा शांत झाले.

आणि जळली का, तर पाणी तेवढंच उचलायचंय, व्होल्ट कमी झाले की मोटर अँपिअर जास्त ओढते, आणि वाइंडिंगमधली उष्णता अँपिअरच्या वर्गाने वाढते. करंट सव्वापट झाला तरी उष्णता दीडपटीच्या वर.

आता स्विचशेजारी व्होल्टमीटर बसवलाय. काटा 200 च्या खाली असला की काका वाडीतूनच ओरडतात, "राहू दे रे, रात्री लावू!"