सुरंगीच्या आधीची शिवरात

यंदाची महाशिवरात्र १५ फेब्रुवारीला, हे कॅलेंडरात पाहिलं आणि पहिली आठवण झाली ती सुरंगीच्या फुलांची. इतक्या लवकर कुठली सुरंगी मिळणार? आणि आतेला तर मी कबूल करून बसले होते.

कुणकेश्वरच्या शंकराची पायी वारी आमच्या घरात आजोबांपासून चालत आलेली. आचऱ्याच्या अलीकडच्या आमच्या वाडीतून निघायचं आणि मुणगे, मिठबाव, कातवण करत दर्याकाठच्या देवापाशी पोचायचं. पंढरीच्या वारीसारखी हिला पताका नाही, वीणा नाही. आठदहा माणसं, पाण्याच्या बाटल्या, डब्यात उकडलेली कणगं आणि रताळी, बस्स. आते यात कितीतरी वर्षं चालली. गुडघ्यांनी साथ सोडल्यापासून ती खळ्यापर्यंत येते, परडीभर फुलं आमच्या हातात देते आणि येताना सुरंगी घेऊन यायला सांगते. चालता येत नाही याचं ती एका शब्दानं बोलत नाही. सुरंगीचं मात्र दोनदा सांगते.

सुरंगी फुलते ती साधारण फेब्रुवारीअखेरीपासून एप्रिलपर्यंत. तिला तिथीचं काही पडलेलं नाही. बारा चांद्र महिने मिळून ३५४ दिवस होतात, म्हणून शिवरात दर वर्षी दहाअकरा दिवस अलीकडे सरकते आणि अधिक महिना आला की परत पुढे ढकलली जाते. २०२३ साली ती १८ फेब्रुवारीला होती, २०२४ साली ८ मार्चला, २०२५ साली २६ फेब्रुवारीला. रस्ता तोच, देव तोच, पण पंधरावीस दिवसांच्या फरकानं वाटेवर भेटणारी झाडं निराळी. चोवीस साली आम्ही सुरंगीच्या वासातूनच चाललो होतो, आणि सावरीखाली नुसता फुलांचा पाचोळा होता. यंदा उलट होणार, हे दिसतच होतं.

आदल्या संध्याकाळी आतेबरोबर परसात फिरले. पांढरी तगर भरपूर. मोगऱ्याला चारच कळ्या, त्याचे दिवस यायचेत अजून. धोतऱ्याची दोन फळं काढली, कारण ती शंकराला आवडतात. कुंपणाच्या पांढऱ्या रुईची फुलं काढताना चीक हातावर उडाला तेव्हा आतेनं आधी डोळ्यांना हात लावू नको म्हणून बजावलं. बेलाची पानं ती स्वतःच निवडते. तिन्ही दळं अखंड हवीत, कीड लागलेलं एकही चालत नाही. पाऊण तास ती कंदिलासारखा मोबाइलचा उजेड धरून पानं निवडत होती. मी नुसती बघत बसले.

पहाटे तीनला निघालो. अंधारात फुलं आधी नाकाला कळतात. आंब्याचा मोहोर तर सांगायलाच नको, देवगड तालुक्यात शिरलं की दोन्ही बाजूंनी कलमंच कलमं. त्याचा वास गोड खरा, पण मागे थोडी तुरट झाक असते, आणि दव पडलं की ती जास्त जाणवते. मध्येच काजूच्या मोहोराचा वेगळा, काहीसा उग्र वास. एका ठिकाणी फवारणीचा वास इतका होता की पदर नाकाला लावून पन्नासेक पावलं भराभर टाकली. बागायतदाराला तरी काय बोलायचं? थंडी कमी पडली की मोहोराऐवजी पालवी फुटते, मोहोर आला तर तुडतुडे बसतात. माझ्या माहेरची बाग आहे. मोहोराच्या दिवसांत घरात कुणी धड झोपत नाही, हे मी लहानपणापासून पाहिलंय.

मुणग्याच्या पुढे उजाडलं, आणि सड्याच्या कडेला सावर दिसली.

काटेसावरीला या दिवसांत एकही पान नसतं. राखाडी खोड, आडव्या फांद्या आणि त्यांच्यावर तळहाताएवढी लाल फुलं. पाकळ्या जाड, बोटानं दाबल्या तर मेणासारख्या लागतात. खाली पडलेलं एक फूल मी उचललं. हातात चांगलं वजन लागलं. मध्ये पुंकेसरांचा जुडगा, त्याच्या तळाशी मधाचा ओलावा, आणि त्यात दोन मुंग्या आधीच पोचलेल्या. वर नुसता गोंगाट चालला होता. साळुंक्या, बुलबुल, दोन कोतवाल, आणि शेंड्यावर एक कावळा सगळ्यांना हाकलत. पानं नसल्यानं ही लाल फुलं पाखरांना लांबूनच दिसतात. मध प्यायला येणाऱ्यांच्या कपाळाला पराग लागतो आणि तो दुसऱ्या झाडावर जातो. एक फूल पडलं तेव्हा जांभ्या दगडावर थप्‌ असा आवाज झाला. आम्ही सगळेच थबकलो. आमच्यातला कॉलेजातला भाचा एरवी मोबाइलमधून डोकं काढत नाही, तोही पुढचं फूल कधी पडतं याची वाट बघत उभा राहिला.

पुढच्या वळणावर अशीच एक याहून मोठी सावर होती. तीन माणसांनी कवेत घ्यावं असं खोड. रस्ता रुंद केला तेव्हा ती गेली. त्या वळणावर आमच्या वारीचा पहिला विसावा असायचा. आता तिथं थांबावंसं वाटत नाही, आणि थांबायला सावलीही उरलेली नाही. रस्ता हवा होता, मान्य. पण हातभर वळवला असता तर झाड वाचलं असतं, असं मला दर वर्षी वाटतं आणि दर वर्षी पोटात तुटतं.

पांगारे मात्र कुंपणाकुंपणातून पेटले होते. पांगाऱ्याची फांदी रोवली की धरते, म्हणून वईला तो लावतात आणि त्यावर मिरीचे वेल चढवतात. त्याची फुलं वाघनखासारखी वाकलेली. उक्षीही फुलली होती. झुडपांवर चढलेली ती हिरवट झुंबरं लांबून फुलं वाटतच नाहीत. पुढे तिची फळं भिरभिरत खाली येतात, आणि तिच्या जाड वेलात पाणी साठलेलं असतं. रानात तहान लागली तर वेल तोडून ते पाणी पितात. आजोबांनी मला एकदा पाजलं होतं. चव साध्या पाण्याचीच, पण थंडगार.

मिठबावच्या पुढे वाट सोडून थोडं पुळणीतून चाललो. पाय भाजायच्या आत तेवढं उरकायचं असतं. सुरूंच्या बनात वाऱ्याचा तो एकसारखा सूं आवाज, आणि त्यापुढे वाळूवर पसरलेली मर्यादवेल, आपट्यासारखी दुभंगलेली पानं आणि जांभळी फुलं. दर्या हिच्या अलीकडे येत नाही म्हणून तिला मर्यादवेल म्हणायचं. खरं तर तीच वाळू धरून ठेवते. कडेला उंडीची दोन जुनी झाडं. उंडी सुरंगीच्याच कुळातली, पांढऱ्या पाकळ्या, मध्ये पिवळे केसर. बियांचं तेल पूर्वी दिव्यात जाळायचे, होड्यांना लावायचे. खाली पडलेलं एकच फूल मिळालं. हुंगलं, आणि आतेची आठवण आली. वास तिच्या सुरंगीच्या वाटेवरचाच, पण तिथवर न पोचलेला.

कातवणच्या अलीकडे एका अंगणात म्हातारी भाताच्या उडवीपाशी केर काढत होती. विचारून बघावं म्हटलं.

"आजी, सुरंगी फुलली काय गे खंय?"

"आता खंयची बाय? आजून पंधरा दिस लागतले." मग झाडू टेकून तिनं माझ्याकडे नीट पाह्यलं. "कोणाक होयी?"

आतेचं सांगितलं. ती काही बोलली नाही. घराच्या मागच्या बाजूला वळली, आणि आम्ही तिच्या मागून.

व्हाळाच्या काठी काळपट हिरव्या, चामड्यासारख्या जाड पानांचं झाड. पानांमागे बघायचं नसतं, सुरंगी जुन्या फांदीच्या अंगातूनच फुटते. तशाच त्या होत्या, वाटाण्याएवढ्या गोल कळ्या, फांदीला घट्ट बिलगून. बहुतेक हिरव्या, कच्च्या. एका खालच्या फांदीवर मात्र ऊन पोचत होतं, तिथं थोड्या भरल्या होत्या आणि एकच फूल उमललेलं. पाकळ्या मागे वळलेल्या, मध्ये पिवळ्या केसरांचा गेंद. नाक नेलं तर आधी काहीच नाही, आणि मग एकदम सगळं डोकं भरून गेलं. आजीनं स्वतः नऊ कळ्या खुडल्या. उमललेलं फूल तिनं ठेवलं झाडावरच, मधमाशांसाठी. मी कळ्या ओल्या रुमालात गुंडाळल्या.

देवळात गर्दी होती, ती असतेच. बेल आणि रुई वाहिली, तगर वाहिली. एका गावची देवस्वारी ढोल वाजवत दर्यावर उतरत होती आणि तरंगांना, म्हणजे देवाच्या सजवलेल्या काठ्यांना, अबोलीचे वळेसर, म्हणजे गजरे, बांधले होते. ओहोटी होती, खडकातली शिवलिंगं उघडी पडली होती. कुणीतरी त्यांच्यावर वाहिलेली पांढरी फुलं पुढच्या लाटेनं उचलली. परतताना जत्रेतलं एक कलिंगड घेतलं, त्याशिवाय कुणकेश्वरहून कोणी घरी जात नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आतेनं रुमाल सोडला. नऊपैकी सहा कळ्या उमलल्या होत्या. तिनं एक देवाकडे ठेवली, पाच उशीखाली. तीन न उमललेल्या बशीत पाणी घालून खिडकीत.

"फुडल्या वर्षी शिवरात कधी?" तिनं विचारलं.

"यंदा अधिक जेठ हा ना आते, म्हणून फुडली ६ मार्चाक येता."

"मगे वळेसरच घेवन ये," ती म्हणाली. "सुट्टी फुलां नको."