ताईची पाळी, प्रोलॅक्टिन आणि सेरोटोनिन

ताईला स्किझोफ्रेनिया आहे. रिस्पेरिडोन चालू झाल्यावर कानात येणारे आवाज कमी झाले पण पाळी बंद पडली, आणि आत्या लगेच म्हणायली बाहेरचं काहीतरी आहे, देवऋष्याकडं न्या. लातूरच्या डॉक्टरांनी आधी प्रेग्नन्सी टेस्ट केली, मग प्रोलॅक्टिन बघितलं. लै वाढलेलं. तेव्हापासून मी ह्याच्यावर मिळंल ते वाचायलेय.

प्रोलॅक्टिन म्हणजे अंगावर दूध आणणारं हार्मोन. डोपामिन हे मेंदूतलं रसायन त्याला लगाम घालून ठेवतं. रिस्पेरिडोन, हॅलोपेरिडॉल ह्या गोळ्या डोपामिनचे डी-2 रिसेप्टर (डोपामिन जिथं चिकटून काम करतं त्या जागा) अडवतात, त्यामुळं लगाम सुटतो. एवढं बरेच डॉक्टर सांगतात.

सेरोटोनिन ह्या मेंदूतल्या दुसऱ्या रसायनाचं मात्र कुणी बोलत नाही आणि मला तेच जास्त महत्त्वाचं वाटतं. ते प्रोलॅक्टिन वाढवतं, कॉर्टिसॉल (ताणाचं हार्मोन) पण. आता जित्या माणसाच्या मेंदूत सेरोटोनिन कसं काम करतंय हे बघायचं कसं? तर संशोधकांनी पेशंटला फेनफ्लुरामिन नाहीतर एमसीपीपी नावाचं रसायन दिलं, म्हणजे सेरोटोनिनच्या यंत्रणेला मुद्दाम चालना दिली, आणि मग थोड्या थोड्या वेळानं हातातून रक्त घेऊन हार्मोन किती चढतात ते मोजत बसले. (फेनफ्लुरामिन वजन कमी करायची गोळी होती, हृदयाच्या झडपा खराब व्हायल्या म्हणून 1997 मध्ये अमेरिकेत बंद झाली.) क्लोझापिन ही स्किझोफ्रेनियाचीच दुसरी गोळी घेणाऱ्यांना एमसीपीपी दिलं तर कॉर्टिसॉल आणि प्रोलॅक्टिन फारसं चढेचना, कारण क्लोझापिन सेरोटोनिनचे 2ए, 2सी रिसेप्टर आधीच अडवून बसलेली असते. म्हणजे हार्मोनचा प्रतिसाद कमी दिसला की तो आजारामुळंच असं म्हणता येत नाही, गोळीमुळं पण असू शकतो, म्हणून असा अभ्यास वाचताना पेशंट गोळ्यांवर होते का नव्हते हे मी पहिलं बघते. हॅलोपेरिडॉलवाल्यांचं तर प्रोलॅक्टिन मुळातच वाढलेलं असतं, त्याच्यावर अजून किती चढलं हे कळणं अवघड, तिथं कॉर्टिसॉल पण बघावं लागतं.

ही चालना देऊन करायची टेस्ट संशोधनापुरतीच, पण साधं प्रोलॅक्टिन आपल्याकडच्या लॅबमध्ये होतं. घरात कुणी ह्या गोळ्यांवर असंल आणि पाळी थांबली, अंगावर दूध यायलंय, पुरुषांची छाती वाढायलीय, तर लाजू नका, डॉक्टरांना सांगा. प्रोलॅक्टिन वर्षानुवर्षं वाढलेलं राहिलं तर हाडं पण ठिसूळ होऊ शकतात. पण गोळी मनानं बंद करू नका हो! डोस कमी करणं, गोळी बदलणं, असे उपाय असतात. ताईला कमी डोसमध्ये ॲरिपिप्राझोल ही अजून एक गोळी जोडून दिली, प्रोलॅक्टिन खाली आलं आणि पाळी परत चालू झाली.