व्हेरिएशनचा एसकेयू त्यालाच विचारा

तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहितेय. वूकॉमर्सवर (वर्डप्रेसच्या वेबसाइटला ऑनलाइन दुकान जोडणारं प्लगइन, म्हणजे जोड-प्रोग्राम) दुकान चालवणारे आणि दुकान बांधून देणारे, दोघंही मला फिरून फिरून हेच विचारतात: ‘एका मालाचे सहा साइझ आणि दोन रंग आहेत. प्रत्येकाला वेगळा एसकेयू (माल ओळखायचा दुकानाचा कोड) दिलाय. पण स्वतःचा प्रोग्राम लिहून तो एसकेयू काढायला गेलं की मुख्य प्रॉडक्टचाच एसकेयू येतो, नाहीतर रिकामी जागा. असं का होतं?’

थोडक्यात उत्तर हवं असेल तर ते असं: वूकॉमर्समध्ये व्हेरिएशन, म्हणजे मालाचा एकेक साइझ-रंगाचा प्रकार, हे स्वतःच एक प्रॉडक्ट असतं. त्याला स्वतःचा आयडी असतो, स्वतःची किंमत, स्वतःचा साठा आणि स्वतःचा एसकेयू. मुख्य प्रॉडक्टला विचारलंत तर ते स्वतःचाच सांगणार. म्हणून आधी व्हेरिएशनचा आयडी मिळवायचा, त्यावरून व्हेरिएशनचा ऑब्जेक्ट (त्याची सगळी माहिती बाळगणारा प्रोग्राममधला घटक) घ्यायचा आणि मग त्याला गेट_एसकेयू विचारायचं. (फंक्शनांची नावं इथे उच्चारानुसार लिहितेय, एडिटरमध्ये ती अर्थातच इंग्रजीत टाइप करायची.)

एवढ्यावर कित्येकांचं काम भागतं. पण हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो तो त्या एसकेयूचं पुढे काय होतं ते पाहिल्यामुळे. कोल्हापुरी चपला विकणाऱ्या एका दुकानाचं काम माझ्याकडे आहे. तिथे मांडणीवर खोकी रचलेली असतात आणि प्रत्येकाच्या कडेला एक चिठ्ठी: कापशी, नैसर्गिक रंग, ८ नंबर, आणि खाली ठळक अक्षरांत ‘केपी-एन-०८’. पॅकिंगला बसणाऱ्या मावशी वेबसाइट उघडत नाहीत. त्यांच्या हातात छापलेली यादी येते. यादीतला कोड आणि खोक्यावरचा कोड जुळला की खोकं खाली घ्यायचं, पिशवीत घालायचं, पत्त्याचं लेबल लावायचं. यादीत नुसतं ‘केपी’ छापून आलं तर त्यांच्यासमोर एकसारखी १२ खोकी उरतात. त्यातून ७ च्या जागी ८ नंबर गेला की पार्सल परत येतं, दोन्ही वेळचं कुरिअरचं भाडं दुकानदाराच्या माथी बसतं आणि गिऱ्हाईक नाराज होतं ते वेगळंच. म्हणून त्या चौकटीत बरोबर कोड येणं हे मला सजावटीचं काम वाटत नाही.

आता मुख्य प्रॉडक्टचाच कोड का येतो ते बघू. याची कारणं दोन आहेत आणि बाहेरून दोन्ही अगदी सारखी दिसतात.

पहिलं कारण सरळ आहे. कार्टमधल्या किंवा ऑर्डरमधल्या प्रत्येक ओळीवर दोन आयडी असतात: प्रॉडक्ट आयडी आणि व्हेरिएशन आयडी. प्रॉडक्ट आयडी म्हणजे मुख्य प्रॉडक्ट. नाव बघून आपण तोच उचलतो आणि त्याचा एसकेयू छापतो. इथे स्वतः आयडी निवडत बसूच नये. ऑर्डरच्या ओळीला गेट_प्रॉडक्ट विचारलं की व्हेरिएशन असेल तर तेच मिळतं, साधं प्रॉडक्ट असेल तर ते मिळतं. कार्टच्या ओळीत ‘डेटा’ या नावाखाली तो ऑब्जेक्ट तयारच ठेवलेला असतो.

दुसरं कारण मात्र फसवं आहे. व्हेरिएशनचा एसकेयू भरलेलाच नसेल तर गेट_एसकेयू रिकामं उत्तर देत नाही, मुख्य प्रॉडक्टचा एसकेयू देतं. वूकॉमर्सने हे मुद्दाम तसं ठेवलंय आणि गिऱ्हाइकाच्या दृष्टीने ते ठीकही आहे, पानावर रिकामी जागा दिसण्यापेक्षा काहीतरी दिसलेलं बरं. पण गोदामासाठी ते घातक. कोड आला म्हणजे तो भरलेला असणार, असं आपण धरून चालतो. खरं काय ते पाहायचं तर गेट_एसकेयूला कंसात ‘एडिट’ हा शब्द द्यायचा. मग डेटाबेसमध्ये जे आहे तेवढंच मिळतं, रिकामं असेल तर रिकामं. पॅकिंगची यादी, साठ्याचा हिशेब, कुरिअरला जाणारी फाइल अशा सगळ्या ठिकाणी मी ‘एडिट’च वापरते आणि उत्तर रिकामं आलं तर यादीत मोठ्या अक्षरांत ‘कोड नाही’ छापते. उसना कोड छापण्यापेक्षा ते शंभर पटीने बरं.

एका प्रॉडक्टच्या सगळ्या व्हेरिएशनचे कोड हवे असतील तर लोक बहुधा गेट_अव्हेलेबल_व्हेरिएशन्स वापरतात, कारण त्याच्या यादीत एसकेयू आयता मिळतो. पण ते फंक्शन प्रॉडक्टच्या पानासाठी बनवलेलं आहे. ते प्रत्येक व्हेरिएशनचं चित्र, किंमतीचा मजकूर, साठ्याचा मजकूर असं सगळं तयार करत बसतं. शिवाय ज्याला किंमत नाही ते गाळतं आणि ‘संपलेला माल लपवा’ ही सेटिंग चालू असेल तर संपलेलं व्हेरिएशनही गाळतं. साठ्याच्या यादीत नेमका संपलेला मालच हवा असतो! तिथे गेट_चिल्ड्रनने आयडी घ्यावेत आणि एकेकाला विचारावं.

प्रॉडक्टच्या पानावर गिऱ्हाइकाने साइझ निवडताच कोड बदलून दाखवायचा असेल तर सर्व्हरवरचा प्रोग्राम कामाचा नाही, कारण पान तयार होताना निवड झालेलीच नसते. तिथे ब्राउझरमध्ये ‘फाउंड_व्हेरिएशन’ नावाची घटना घडते, तिच्याबरोबर येणाऱ्या माहितीत एसकेयू असतो. एक लक्षात ठेवा: व्हेरिएशन ३० पेक्षा जास्त झाली की वूकॉमर्स सगळी माहिती पानात आधी भरून ठेवत नाही, निवड झाल्यावर सर्व्हरकडून मागवतं. पानातली ती आयती माहिती वाचणारा तुमचा कोड १२ व्हेरिएशनवर उत्तम चालतो आणि माल वाढला की एक दिवस बंद पडतो. घटनेची वाट पाहणारा कोड दोन्हीकडे चालतो.

सरळ डेटाबेसमधून वाचलं तर काय बिघडलं, असंही विचारतात. वाचायला आजही चालतं. व्हेरिएशन वर्डप्रेसच्या पोस्टच्या टेबलातच असतं आणि एसकेयू पोस्ट-मेटात, म्हणजे पोस्टला जोडलेल्या जादा माहितीच्या टेबलात. २०१७ मध्ये आलेल्या वूकॉमर्सच्या ३.० आवृत्तीच्या आधी बरेच जण तसंच करायचे, म्हणून जुन्या उत्तरांत तोच रस्ता सापडतो. घोळ होतो तो लिहिताना. २०१९ च्या ३.६ आवृत्तीपासून एसकेयूची नोंद शोधासाठी केलेल्या एका वेगळ्या टेबलातही असते. ऑब्जेक्टवर सेट_एसकेयू आणि सेव्ह केलं तर दोन्हीकडे बदल होतो. पोस्ट-मेटात परस्पर लिहिलंत तर पानावर नवा कोड दिसेल आणि कोडावरून प्रॉडक्ट शोधणारं फंक्शन जुन्याच कोडाला ओळखेल. असं आधीच झालं असेल तर वूकॉमर्सच्या स्टेटस पानावर टूल्समध्ये ते शोधाचं टेबल नव्याने बांधायची सोय आहे.

माझा सगळ्यात जास्त आग्रह आहे तो पुढच्या गोष्टीचा. ऑर्डरच्या ओळीवर वूकॉमर्स मालाचं नाव, नग, किंमत आणि निवडलेला साइझ-रंग लिहून ठेवतं. एसकेयू लिहीत नाही. जुनी ऑर्डर उघडल्यावर जो कोड दिसतो तो त्या क्षणी व्हेरिएशनला विचारून आणलेला असतो. दुकानदाराने मध्येच कोडांची पद्धत बदलली तर सहा महिन्यांपूर्वीच्या ऑर्डरवर आजचा कोड दिसतो. व्हेरिएशन कायमचं काढून टाकलं असेल तर गेट_प्रॉडक्टच्या हाती काहीच लागत नाही, ते नकार कळवतं आणि तो न तपासता पुढे गेलेला तुमचा प्रोग्राम तिथेच कोसळतो. परत आलेलं पार्सल हातात आहे, खोक्यावर जुना कोड आहे आणि ऑर्डर भलतंच सांगतेय, ही वेळ कुणावर येऊ नये. म्हणून विक्री होते त्या क्षणीच कोड ओळीवर कायमचा लिहून टाका. त्यासाठी ‘वूकॉमर्स_चेकआउट_क्रिएट_ऑर्डर_लाइन_आयटम’ हा हुक आहे, म्हणजे वूकॉमर्सच्या कामात मध्येच आपला प्रोग्राम चालवायची जागा. तिथे ओळ आणि कार्टमधला ऑब्जेक्ट दोन्ही मिळतात, एका ओळीचं काम. ओळीवर लिहिलेल्या या जादा माहितीचं (मेटाचं) नाव अंडरस्कोरने सुरू करा, म्हणजे ते गिऱ्हाइकाच्या ईमेलमध्ये जात नाही. फोनवर किंवा व्हॉट्सॲपवर आलेली ऑर्डर दुकानदार ॲडमिनमधून हाताने भरतो, तेव्हा हा हुक चालत नाही. अशा ऑर्डरी आपल्याकडे भरपूर. त्यांच्यासाठी ‘वूकॉमर्स_न्यू_ऑर्डर_आयटम’ पकडावा आणि ओळ मालाची आहे की शिपिंगची, हे तिथे आधी तपासावं.

कोड ठरवताना एक्सेलची आठवण ठेवा, कारण माल चढवायची फाइल बहुतेक जण तिथेच बनवतात. नुसत्या आकड्यांच्या कोडातलं पहिलं शून्य ते खाऊन टाकतं. मरून रंगाचा ८ नंबर म्हणून ‘एमएआर-८’ इंग्रजीत टाइप केलंत तर त्याची ८ मार्च तारीख होते. याच कारणाने शास्त्रज्ञांनाही त्रास झालाय: मानवी जनुकांची अधिकृत नावं ठरवणाऱ्या समितीने २०२० मध्ये काही जनुकांची नावंच बदलली, कारण एक्सेल त्यांच्या तारखा करत होतं. कोडाच्या रकान्याला आधी ‘टेक्स्ट’ फॉरमॅट द्या, मगच टाइप करा.

वर सांगितलेला प्रोग्रामचा हा सगळा कोड थीमच्या (वेबसाइटचं रूप ठरवणाऱ्या भागाच्या) फंक्शन्स फाइलमध्ये टाकू नका. थीम अपडेट झाली की तो पुसला जातो आणि थीम बदलली की मागे राहतो. एका फाइलचं छोटं प्लगइन बनवा.

आणि जुन्या ऑर्डरींचं काय, हे तुम्ही विचारणारच. व्हेरिएशन अजून जागेवर आहेत आणि त्यांचे कोड बदललेले नाहीत तोवर एकदा सगळ्या ऑर्डरींवरून फिरून प्रत्येक ओळीवर कोड लिहून घ्या. ऑर्डरी डब्ल्यूसी_गेट_ऑर्डर्सनेच मागवा. वूकॉमर्सच्या २०२३ च्या ८.२ आवृत्तीपासून नव्या दुकानांत ऑर्डरी वेगळ्या टेबलांत असतात, त्यामुळे पोस्टमध्ये शोधायला गेलात तर रिकाम्या हाताने परताल. जी व्हेरिएशन काढून टाकलीत त्यांचे कोड यंत्राला मिळणार नाहीत. पण त्या ओळींवर साइझ आणि रंग लिहिलेला असतो, त्यामुळे दुकानदाराच्या जुन्या वहीशी ताडून ते हाताने भरता येतात.